बोका घराबाहेर जात नाही, मग लस कशाला?

वाचकाचं पत्र

आमच्याकडे साडेचार महिन्यांची कुत्री आणि आठ वर्षांचा बोका आहे. बोक्याची नसबंदी झालेली आहे. पिल्लू दहा आठवड्यांचं असताना आणलं. त्याच्या कार्डावर सहाव्या आणि नवव्या आठवड्यात लस दिल्याची नोंद आहे आणि 'कोर्स पूर्ण झाला' असं आम्हाला सांगितलं गेलं. आणल्यावर एकदा जंताची अर्धी गोळी दिली, तेव्हा ते पाच किलोचं होतं. उरलेली अर्धी घरात आहे, ती आता देऊन टाकू का? बोक्याला आजवर एकही लस दिलेली नाही. तो उंबरा ओलांडत नाही आणि कधी आजारी पडलेला नाही. आता पिल्लाच्या अंगावर पिसवा दिसल्या, बोकाही खाजवतोय. पिल्लासाठी मानेवर टाकायचे थेंब आणलेत. त्यातलेच दोन-चार बोक्याला टाकले तर चालेल ना? आणि काही झालेलं नसताना दोघांना डॉक्टरकडे नेऊन नेमकं करायचं काय?

उत्तर

थेंबांचा प्रश्न तातडीचा, म्हणून तो आधी. ते बोक्याला टाकू नका. दोन-चार नाहीत, एकही नाही.

कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या बऱ्याच औषधांत पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असतं. कुत्र्याचं शरीर ते सहज पचवून बाहेर टाकतं. मांजराच्या यकृतात ही कामगिरी करणारी यंत्रणा फार तोकडी असते. औषध अंगात साचत जातं आणि मज्जासंस्थेवर चढतं. काही तासांत कान आणि चेहरा फडफडायला लागतो, मग अंगाला कंप सुटतो, तोल जातो, झटके येतात. कुत्र्याच्या नळीतल्या औषधाची तीव्रता इतकी जास्त असते की 'थोडंसंच टाकलं होतं' हा बचाव इथे चालत नाही. (पॅरासिटामॉलची अर्धी गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, ती यकृताच्या याच दुबळेपणामुळे. माणसाच्या औषधांचा डबा मांजराच्या बाबतीत उघडायचाच नाही.)

चुकून पडलंच तर कोमट पाणी आणि भांडी घासायचा पातळ साबण घेऊन तेवढा भाग धुवा. पाणी गरम नको, कारण गरम पाण्याने त्वचेतला रक्तप्रवाह वाढतो आणि औषध जास्त मुरतं. गारही नको, कारण अंग थंड पडलं की विषाचा परिणाम वाढतो. मग टॉवेलात गुंडाळून थेट डॉक्टरकडे, औषधाचं पाकीट हातात घेऊन. झटके सुरू झाले असतील तर धुण्यात वेळ घालवू नका, आधी निघा.

तुमच्याकडच्या पाकिटावर घटकांची नावं वाचा. पर्मेथ्रिन किंवा अमिट्राझ (मांजराला घातक असलेलं दुसरं कीटकनाशक) दिसलं, तर ते पिल्लालाही टाकू नका असं मी म्हणेन. दोघं एकत्र झोपत असतील, एकमेकांना चाटत असतील तर पिल्लाच्या मानेवरचं ओलं औषध बोक्याच्या जिभेवर जाणार. दोघांसाठी, प्रत्येकाच्या वजनाचं, मांजर असलेल्या घरात चालेल असं औषध डॉक्टरांकडूनच लिहून घ्या.

आता 'काही झालेलं नसताना' या शब्दांकडे वळू. पिल्लाला लस मिळाली, पण थांबायला नको होतं त्या वयात थांबली. जंताची गोळी मिळाली, पण एकदाच, आणि दुसरी अर्धी आता अपुरी पडेल. म्हणजे तुम्ही खर्च केला, धावपळ केली, आणि तरीही पिल्लू उघडंच आहे. प्रतिबंधक उपचार बहुतेक वेळा असेच वाया जातात, तारीख हुकते किंवा वजन चुकतं. म्हणून पुढचं सगळं या दोन गोष्टींभोवती सांगतो.

पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्याकडे स्वतःचं संरक्षण जवळजवळ नसतं. पहिल्या दिवसभरात आईचा चीक पोटात गेला की त्यातली प्रतिपिंडं (रोगजंतूंशी लढणारी प्रथिनं) आतड्यातून सरळ रक्तात उतरतात. दिवस उलटला की आतड्याचा तो रस्ता बंद. ही उसनी प्रतिपिंडं साधारण दर आठ-दहा दिवसांनी निम्मी होत जातात. मेख अशी की ती रोगाच्या विषाणूला अडवतात तशी लशीतल्या दुबळ्या केलेल्या विषाणूलाही मारतात. लस टोचली तरी शरीराला ती 'दिसत'च नाही. पुढे प्रतिपिंडं आणखी घटली की असा एक काळ येतो, जेव्हा ती खऱ्या रोगाला रोखायला कमी पडतात, पण लशीला निकामी करण्याइतकी मात्र शिल्लक असतात. पार्व्हो (उलट्या-हगवणीचा जीवघेणा विषाणू) पिल्लाला गाठतो तो बहुधा या फटीत.

ही फट कोणाची कधी बंद होते ते बाहेरून कळत नाही. एकाच वेताची दोन पिल्लं घ्या. ज्याने आईला घट्ट धरून पोटभर चीक प्यायला, त्याची प्रतिपिंडं चौदा-पंधरा आठवडे टिकतील. जे मागे ढकललं गेलं, त्याची सहाव्या आठवड्यातच संपतील. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी लस देत राहायचं आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर, त्याआधी नाही. दुसरा डोस पहिल्याला बळकटी देतो, तिसरा दुसऱ्याला, असा समज आहे. डिस्टेंपर, पार्व्हो, ॲडिनोव्हायरस या कुत्र्यांच्या विषाणूंच्या जिवंत लशींत तसं नसतं. प्रत्येक डोस म्हणजे दार उघडलंय का ते पाहायला दिलेली नवी धडक. एक धडक लागली की पुरे, पण ती कोणती लागली ते आपल्याला माहीत नसतं.

तेव्हा नवव्या आठवड्यात 'कोर्स पूर्ण' हे धाडसाचं विधान होतं. तुमच्या पिल्लाचं वय आता एकोणीस आठवड्यांच्या पुढे आहे, म्हणजे आईची प्रतिपिंडं अडथळा आणण्याइतकी उरलेली नसणार. या वयात डिस्टेंपर-पार्व्हो-ॲडिनोव्हायरसचा एकच डोस सहसा काम करून जातो. काही डॉक्टर तीन-चार आठवड्यांनी आणखी एक देतात, त्यालाही हरकत नाही. त्यानंतर एक डोस पिल्लू सहा महिन्यांचं झाल्यावर. पूर्वी हा वर्षाचा झाल्यावर देत. आता जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेच्या मार्गदर्शिका तो सहाव्या महिन्यानंतर लगेच द्या म्हणतात. कारण साधं आहे: सोळाव्या आठवड्यातली धडकही हुकलेलं एखादं पिल्लू असतंच, त्याला वर्षभर उघडं का ठेवायचं? मग या तीन रोगांची लस तीन वर्षांतून एकदा पुरते.

लेप्टोस्पायरोसिस हा लघवीतून पसरणारा जिवाणूंचा आजार, त्याच्या लशीचं गणित वेगळं. ती मेलेल्या जिवाणूंची लस आहे. तिथे दोन डोस खरोखरच एकमेकांवर उभे असतात, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, आणि पुढे दरवर्षी एक. दोन डोसांत सहा आठवड्यांहून जास्त अंतर पडलं तर पहिला धरायचा नाही, पुन्हा दोन घ्यायचे. उंदीर असतात, पाणी साचतं अशा ठिकाणी ही लस टाळू नका, कारण हा रोग कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही होतो.

रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर. पत्रात तिचा उल्लेख नाही, कार्डावरही नसेल तर ती आता लगेच हवी. पुढचा डोस एका वर्षाने, त्यानंतर लशीवर लिहिलेल्या मुदतीप्रमाणे आणि तुमच्याकडच्या कायद्याप्रमाणे. बारा आठवड्यांच्या आत दिलेली असेल तर ती पुन्हा द्यावी लागते. आणि लस झालेली असो वा नसो, कोणत्याही प्राण्याने माणसाला चावा किंवा ओरखडा दिला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पंधरा मिनिटं म्हणजे घड्याळ लावून.

कार्डाबद्दल एक गोष्ट. 'लस दिली' असं पेनाने लिहून सही केलेली नोंद फारशी उपयोगाची नाही. लशीच्या बाटलीवरचं लेबल सोलून कार्डावर चिकटवायचं असतं. त्यावर लशीचं नाव, बॅच क्रमांक आणि मुदत असते. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी. जिवंत लस उन्हात किंवा गाडीच्या डिकीत तापली तर मरते, आणि मेलेल्या जंतूंच्या बहुतेक लशी गोठल्या तर निकामी होतात. भुकटी आणि द्रव मिसळल्यावर ती लगेच टोचायची असते, 'सकाळी मिसळून ठेवली' असं चालत नाही. ती कशी साठवली होती ते कळायला मार्ग नसेल, तर ते आधीचे दोन डोस मी हिशेबात धरणार नाही. तुमच्या पिल्लाच्या बाबतीत तसंही फरक पडत नाही.

लस टोचल्यावर वीस-तीस मिनिटं दवाखान्यातच थांबा. तोंड सुजणं, अंगभर गांधी उठणं, लागोपाठ उलट्या, गळून पडणं ही तीव्र ॲलर्जीची लक्षणं पहिल्या काही मिनिटांत ते काही तासांत दिसतात आणि तिथे असलात तर हाताळता येतात. एक-दोन दिवस पेंगुळणं, थोडं कमी खाणं एवढं झालं तर काळजी नको. ताप असलेल्या, हगवण लागलेल्या पिल्लाला मात्र त्या दिवशी लस नको. आधी ते बरं होऊ द्या.

मग पुढच्या डोसापर्यंत पिल्लाला कोंडायचं का? नाही. जिथे खूप अनोळखी कुत्री शी-लघवी करतात अशा जागा शेवटच्या डोसाला दोन आठवडे होईपर्यंत टाळा. पण लस झालेल्या निरोगी कुत्र्यांशी, माणसांशी, आवाजांशी गाठ पडू द्या. कडेवर घेऊन फिरवा, गाडीतून न्या. एकट्याने वाढलेलं पिल्लू मोठेपणी भित्रं आणि चावरं होण्याची शक्यता फार, आणि त्यावर लस नाही.

आता बोक्याकडे

बोका उंबरा ओलांडत नाही, पण तुमच्या चपला ओलांडतात. मांजरांच्या पॅनल्युकोपेनिया या जीवघेण्या रोगाचा विषाणू कुत्र्यांच्या पार्व्होचा जवळचा भाऊ, आणि दोघंही कमालीचे चिवट. जमिनीवर महिनोन्महिने टिकतात, स्पिरिटने मरत नाहीत, साध्या फिनाइलला दाद देत नाहीत. बुटाच्या तळाला, पिल्लाच्या पंजाला लागून घरात येणं त्यांना अवघड नाही. (असा विषाणू घरात आल्याची शंका असेल तर आधी सगळी घाण साबणाने काढा, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि तीस भाग पाणी असं मिश्रण फरशीवर दहा मिनिटं ओलं राहू द्या. घाण न काढता ओतलेलं ब्लीच त्या घाणीवरच खर्च होऊन जातं.)

आठ वर्षांच्या, कधीच लस न झालेल्या बोक्याला पॅनल्युकोपेनिया-हर्पिस-कॅलिसी या तिन्हींच्या एकत्रित लशीचे दोन डोस, मध्ये दोन ते चार आठवडे. मग एका वर्षाने एक, आणि घरातच राहणाऱ्या मांजराला पुढे तीन वर्षांतून एकदा पुरे. पॅनल्युकोपेनियाविरुद्ध संरक्षण भक्कम मिळतं. हर्पिस आणि कॅलिसीच्या बाबतीत लस सर्दी टाळेलच असं नाही, पण ती हलकी ठेवते, हे आधीच माहीत असलेलं बरं, म्हणजे उद्या शिंकला तर 'लस नकली होती' असं वाटणार नाही. रेबीजची लस त्यालाही द्या. खिडकीतून आत आलेलं वटवाघूळ किंवा दार उघडं राहिल्यावर झालेली दोन मिनिटांची सुटका एवढं पुरतं.

मांजराला लस खांद्यांच्या मध्ये न देता पायात खालच्या बाजूला द्यायला सांगा. क्वचित टोचलेल्या जागी गाठ येते, आणि त्यातली क्वचित एखादी कर्करोगाची निघते. पायात असेल तर ती पूर्ण काढता येते. गाठ तीन महिने राहिली, दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी झाली, किंवा लस दिल्यावर एक महिना उलटूनही वाढतच असेल, यांतलं एकही दिसलं तर तुकडा तपासायला पाठवायचा. तीन-दोन-एक असं लक्षात राहतं.

जंत, आणि ती अर्धी गोळी

उरलेली अर्धी गोळी देऊ नका. कुत्र्यांच्या बऱ्याच जंतगोळ्या 'दहा किलोला एक' अशा मापाच्या असतात. पाच किलोच्या पिल्लाला अर्धी बरोबर होती. आज ते दहा-अकरा किलोचं असेल तर तीच अर्धी म्हणजे निम्मा डोस. निम्म्या डोसाने काही जंत मरतात, काही उरतात, आणि आपण मात्र औषध दिलं म्हणून निश्चिंत. शिवाय फोडून ठेवलेली गोळी ओल धरते.

जंतांच्या बाबतीत एकदा देऊन का भागत नाही, तेही पाहू. गोलकृमीच्या अळ्या आईच्या स्नायूंत झोपून असतात. गाभणपणाच्या शेवटच्या टप्प्यात त्या जाग्या होतात आणि नाळेतून, मग दुधातून पिल्लांत उतरतात. आईला कितीही नियमित गोळ्या दिल्या तरी या झोपलेल्या अळ्यांपर्यंत औषध पोचत नाही. पिल्लाच्या अंगातही तेच. गोळी आतड्यातले मोठे जंत मारते, फुप्फुसातून प्रवास करत असलेल्या अळ्या वाचतात आणि दोन-तीन आठवड्यांनी आतड्यात येऊन नवा संसार मांडतात. म्हणून कुत्र्याच्या पिल्लाला दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी, मांजराच्या पिल्लाला तिसऱ्या आठवड्यापासून, आणि आईचं दूध सुटल्यानंतर सहा महिन्यांचं होईपर्यंत दर महिन्याला जंताचं औषध लागतं. तुमच्या पिल्लाला आता वजन करून एक डोस आणि सहा महिने पूर्ण होईपर्यंत दर महिन्याला. नंतर दर तीन महिन्यांनी एकदा. घरातच राहणाऱ्या बोक्याला वर्षातून एक-दोनदा किंवा शी तपासून गरजेप्रमाणे.

शेपटीखाली किंवा अंथरुणात तांदळाच्या कणीसारखे पांढरे तुकडे दिसले तर तो पट्टकृमी. त्याला प्राझिक्वांटेल असलेलं औषध लागतं. पायरँटेल या गोलकृमीवरच्या औषधाने तो जात नाही. आणि तो येतो पिसवांमधून: अंग चाटताना पिसू गिळली की आत पट्टकृमी. पिसवा तशाच ठेवून गोळ्या देत राहिलात तर महिन्याभरात पुन्हा कणी दिसेल.

शी रोजच्या रोज उचला. गोलकृमीची अंडी बाहेर पडल्याबरोबर लागण करत नाहीत, मातीत त्यांना तयार व्हायला दोन आठवडे तरी लागतात. रोज उचललं तर तो वेळच मिळत नाही. अंगणात खेळणाऱ्या लहान मुलांसाठी ही सवय कोणत्याही गोळीइतकी मोलाची.

पिसवा आणि गोचिड्या

अंगावर दिसणाऱ्या पिसवा म्हणजे घरातल्या एकूण पिसवांचा विसावा भाग. बाकी अंडी, अळ्या आणि कोष गालिच्यात, सोफ्याच्या शिवणीत, अंथरुणाखाली असतात. कोषातली पिसू महिनोन्महिने दम धरून बसते आणि पावलांचा हादरा, अंगाची ऊब जाणवली की बाहेर पडते. म्हणून औषध दिल्यावर दोन आठवड्यांनी नव्या पिसवा दिसल्या तर ते औषधाचं अपयश समजू नका. घरातल्या प्रत्येक प्राण्याला, न चुकता, किमान तीन महिने औषध लागतं. अंथरुणं ६० अंशांच्या पाण्यात धुवा, व्हॅक्यूम क्लीनर फिरवा आणि त्याची पिशवी लगेच घराबाहेर टाका.

पिसवा आहेत की नाही याची शंका असेल तर बारीक दातांच्या फणीने कमरेपाशी विंचरा आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा. कणाभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची शी, म्हणजे पचलेलं रक्त. नुसती धूळ काळीच राहते.

मानेवरचं औषध टाकताना केस बोटांनी दोन्हीकडे सारून पांढरी कातडी दिसली पाहिजे, आणि नळीचं टोक तिला टेकवून दाबायचं, डोक्याच्या मागे, जिथे जीभ पोचत नाही. केसांवर पडलेलं औषध वाया जातं. आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस अंघोळ नाही. कुत्र्याला खायची गोळी देणार असाल आणि त्याला कधी झटके आलेले असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण त्यातल्या काही गोळ्या अशा प्राण्याला चालत नाहीत.

गोचिडी शोधायची ती कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, काखेत, जांघेत आणि पट्ट्याखाली. टोकदार चिमट्याने कातडीला अगदी लागून तिचं तोंड धरा, पोट नाही, आणि न पिळता, न झटकता, एका दमात सरळ वर ओढा. तेल, रॉकेल, पेटती काडी काही नको. अशाने ती लाळ आणि पोटातलं आणखी आत सोडते. बोटांनी चिरडूही नका, स्पिरिटच्या बाटलीत टाका. पुढचे तीन आठवडे ताप, सुस्ती, नाकातून रक्त, फिक्या हिरड्या किंवा गडद लघवी दिसली तर त्याच दिवशी रक्त तपासा. कुत्र्यांची तपकिरी गोचिडी एका वेळी हजारो अंडी घालते, तीही भिंतीच्या फटीत आणि दाराच्या चौकटीमागे. कुत्र्याला औषध आणि भिंतींना काही नाही, असं केलंत तर वर्षभर वेचत बसाल.

जिथे हृदयकृमीचा आजार आहे, तिथे डासांच्या हंगामात महिन्याला एक प्रतिबंधक औषध लागतं. ते सुरू करण्याआधी सात महिन्यांवरच्या कुत्र्याची रक्तचाचणी हवी, कारण आधीच कृमी असलेल्याला ते दिलं तर त्रास होऊ शकतो.

वजन

पिल्लाचं वजन दर पंधरवड्याला, बोक्याचं महिन्याला. आधी स्वतः काट्यावर उभे राहा, मग प्राण्याला उचलून, आणि वजाबाकी करा. पिल्लाला हे पुरतं, बोक्याला नाही. साडेचार किलोच्या मांजराचं अडीचशे ग्रॅम कमी होणं म्हणजे सत्तर किलोच्या माणसाचं चार किलो जवळजवळ. बाथरूमचा काटा तेवढं पकडत नाही. बाळांचा काटा किंवा स्वयंपाकघरातला मोठा डिजिटल काटा, त्यावर खोका, खोक्यात बोका. खोक्यात तो स्वतःहून बसतो, हा मांजरांनी माणसांवर केलेल्या मोजक्या उपकारांपैकी एक.

आकडा एवढ्यासाठी की मांजर आजार लपवतं. मूत्रपिंडाचा आजार, थायरॉइड, मधुमेह, तिन्हींत पहिली खूण बहुधा उतरणारं वजन आणि वाढलेली तहान. किलोमागे दिवसाला पन्नास मिलीलिटरहून जास्त पाणी पिणारं मांजर (कुत्रं असेल तर शंभरहून जास्त) तपासायला न्यायचं. आठव्या वर्षी बोक्याची रक्त, लघवी आणि रक्तदाब तपासणी वर्षातून एकदा, दहाव्या वर्षापासून सहा महिन्यांनी. लघवी वगळू नका. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा कचरा) वाढतं तोवर मूत्रपिंडाची बरीचशी क्षमता गेलेली असते, पातळ झालेली लघवी त्याआधी बोलते.

वजन जास्त की योग्य, हे काट्यावरून कळत नाही. स्वतःची मूठ वळा आणि बोटांच्या सांध्यांवरून बोट फिरवा: बरगड्या अशा लागल्या तर प्राणी बारीक. हात सरळ करून पालथ्या पंजावरून फिरवा: असं लागलं तर उत्तम. तळहाताच्या बाजूने बोटांच्या मुळाशी दाबा: बरगड्या शोधायला इतकं दाबावं लागत असेल तर जाड. लठ्ठ बोक्याला मात्र उपाशी ठेवून बारीक करू नका. दोन-तीन दिवस न खाल्लेल्या जाड मांजराच्या यकृतात चरबी साठून ते निकामी होऊ शकतं. आठवड्याला वजनाच्या एक ते दीड टक्का एवढीच घट.

बोका असल्यामुळे आणखी एक सांगायला हवं. तो शी-लघवीच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय, कुंथतोय आणि एकही थेंब येत नाही, तर सकाळची वाट पाहू नका. नरांचा मूत्रमार्ग अरुंद असतो. तो पूर्ण तुंबला तर एक-दोन दिवसांत पोटॅशियम वाढून हृदय बंद पडतं. अनेकांना हे बद्धकोष्ठ वाटतं आणि त्यात रात्र जाते.

दातांबद्दल थोडक्यात: दातांवरचा जंतूंचा चिकट थर दोन-तीन दिवसांत कडक कीटण होतो, म्हणून ब्रश रोज किंवा दिवसाआड, प्राण्यांच्या पेस्टने. माणसांची पेस्ट नको, कधी तिच्यात झायलिटॉल हे गोडी आणणारं द्रव्य असतं आणि ते कुत्र्याला विष. पिल्लाचे दुधाचे दात सहा-सात महिन्यांपर्यंत पडतात. सुळ्यांची दुहेरी रांग दिसली तर दाखवा. चावायला दिलेल्या वस्तूवर नख रुतत नसेल तर ती दातापेक्षा कठीण, देऊ नका.

पिल्लू मादी आहे. प्रजनन नको असेल तर नसबंदीचं आता ठरवून ठेवा: लहान-मध्यम चणीत साधारण सहा महिन्यांच्या आसपास, मोठ्या चणीत सांधे पक्के होईपर्यंत थांबून. माजावर येऊन गेली असेल तर नंतर दोन-तीन महिने थांबून. नसबंदी न केलेल्या कुत्रीत माज संपल्यावर एक-दोन महिन्यांत खूप पाणी पिणं, मलूलपणा, उलट्या दिसल्या तर गर्भाशयात पू झाल्याचा संशय घ्या. बाहेर स्राव दिसलाच पाहिजे असं नाही. न दिसणारा प्रकार जास्त घातक.

कोणाला आधी न्यायचं

पिल्लाला, याच आठवड्यात. बोक्याला त्यानंतर, वेगळ्या दिवशी, आणि कुत्र्यांनी भरलेल्या वेटिंगमध्ये नाही. आधी फोन करून शांत वेळ मागा. त्याची पेटी आजच बाहेर काढून दार उघडं ठेवा, आत त्याचं मळकं अंथरूण टाका आणि तिथेच खायला द्या. आठवड्याभरात तो आत झोपायला लागतो. जाताना पेटीवर टॉवेल टाका, गाडीत ती मांडीवर न ठेवता पुढच्या सीटमागे खाली घट्ट बसवा. फारच घाबरत असेल तर निघण्यापूर्वी द्यायचं शांत करणारं औषध डॉक्टर त्याच्या वजनाप्रमाणे लिहून देतात, ते फोनवरच विचारून ठेवा.

घरी त्याला कधी गोळी द्यावी लागली तर गोळीमागोमाग सुईविना सिरिंजने पाच मिलीलिटर पाणी किंवा लोण्याचं बोट द्या. मांजराच्या अन्ननलिकेत कोरडी गोळी चिकटून राहते, आणि डॉक्सिसायक्लीन या प्रतिजैविकासारखी गोळी तिथे जखम करून नळीच आक्रसते.

दोघांच्या भेटीला कार्ड, वजनाची वही, औषधांची पाकिटं आणि सुपारीएवढी त्याच दिवशीची शी झाकणाच्या डबीत घेऊन जा, प्रत्येकाची वेगळी, नाव लिहून.